पाण्याकाठी ‘सगळे चला’ म्हणू नये

भुताची गोष्ट म्हटली की लोकांना रात्र लागते. माझ्याकडे रात्र नाही. दुपारचा पाऊण वाजला होता. गेल्या डिसेंबरातला शेवटचा रविवार. विश्वास ठेवायचा तर ठेवा. मला हे रचता आलं असतं तर शेवट तरी बरा केला असता.

आम्ही विरारला, फुलपाड्यात राहतो. माझे दीर भूपेश यांचा कामणला फॅब्रिकेशनचा गाळा आहे. त्यांनी हौसेने एक ट्रेलर बनवला. झोपायला बाकडी, छोटा ओटा, चाकांवरची खोलीच. तो आमच्या बोलेरोला जोडून मी, माझे मिस्टर जगन्नाथ आणि आमची मेघना, नऊ दिवस तळी आणि धरणं बघत फिरलो. भंडारदरा, वैतरणा, तानसा. दिरांची एकच ताकीद होती, चालत्या ट्रेलरमध्ये कोणी बसायचं नाही.

भंडारदऱ्याला मेघनाचा फोन पाण्यात पडला. ती सेल्फी काढत होती. मी बोलले. जरा जास्तच बोलले. तेवीस वर्षांची पोरगी, तिने अबोला धरला. रुसली की ती खिडकीकडे तोंड करून बसते आणि वेणीचं टोक चावते. लहानपणापासूनची सवय.

शेवटचा मुक्काम कामणच्या अलीकडे, डोंगराखालच्या एका तळ्यावर. नाव सांगत नाही. तिथे लोक पोरंबाळं घेऊन जातात.

तळं सुंदर होतं. फक्त...

पक्षी नव्हते. एकही नाही.

जेवण झालं. भात, सुक्या बोंबलाची चटणी. मेघना न बोलता उठली, भांडी उचलली आणि पाण्याकडे गेली. एवढं मी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतरचं नाही. मी गाद्या गुंडाळत होते.

आमच्यात एक रीत आहे. पाण्याकाठून निघताना घरातल्या बाईने चिमूटभर तांदूळ हातात घ्यायचे आणि एकेकाला नावाने हाक मारायची. “अमक्या, चल घरी.” त्याने “आलो” म्हणायचं. मग तांदूळ मागे टाकायचे. सासूबाई सांगायच्या, “पान्याकाठी सगली चला असा नाय बोलाचा गो. सगली म्हंजे कोन कोन, तुला काय ठाव?”

आठ दिवस मी रीत पाळली. अबोला असतानाही “मेघना, चल घरी” म्हणायचे, तीही तोंड वाकडं करून “आले” म्हणायची.

त्या दुपारी माझंही डोकं फिरलेलं होतं. किती दिवस मीच नमतं घ्यायचं? मी तांदूळ टाकले आणि म्हटलं, “चला सगळे.”

पाठीमागे बोलेरोचं दार लागलं.

आणि क्षणभराने...

ट्रेलरचंही.

मला वाटलं, ह्यांनी लावलं. ह्यांना वाटलं, मी.

निघून दहा मिनिटं झाली असतील.

“अगं, ट्रेलर डोलतोय,” हे म्हणाले.

“वाऱ्याने.”

“झाडाचं पान तरी हलतंय का बघ.”

नव्हतं हलत.

मग आवाज आला. ठक... ठक... आतून. कोणी तळहात आपटावा तसा.

माझा फोन वाजला. स्क्रीनवर नाव, मेघना.

“आई, तुम्ही मला ट्रेलरमध्येच ठेवून निघालात? दार उघड.”

मी मान वळवली.

मेघना मागच्या सीटवर बसली होती. पट्टा लावून, खिडकीकडे तोंड करून. हात कोपरापर्यंत ओले. ड्रेसही ओला.

वेणीचं टोक तोंडात.

ह्यांनी आरशात पाहिलं आणि गाडी थेट कडेला घेतली. समोर गोदामांची रांग, रविवार म्हणून सगळी बंद. आम्ही दोघं खाली उतरलो. ट्रेलर आता गदागदा हलत होता. आतून ती रडत होती, दार बडवत होती. “आई, उघड. उघड ना.” मग एकदम, दातओठ खाऊन, “उघड म्हणते ना.”

“आपली कोणती?” हे म्हणाले. सव्वीस वर्षांच्या संसारात त्यांचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता.

मला सासूबाईंची रीत आठवली. नावाने हाक मारायची. जी आपली असेल ती येईल.

मी गाडी आणि ट्रेलरच्या मधोमध उभी राहिले. पण तोंड कुणीकडे करायचं?

आई कुठे वळते? रडण्याकडे.

मी ट्रेलरकडे वळले. तेवढ्यात मागून, गाडीतून, अगदी हळू...

“आई.”

मी मागे पाहिलं नाही.

“मेघना, चल घरी.”

“आले,” ट्रेलरमधून उत्तर आलं. रडणं एका क्षणात थांबलं होतं. मी कडी काढली. ती बाहेर आली, कोरडी ठणठणीत, आणि माझ्या गळ्यात पडली.

मागची सीट रिकामी होती. ओली. पट्टा मात्र अजून लावलेला होता. आत कोणी नसताना, ताणलेला.

घरी आलो. ती म्हणाली, “मी जेवल्यावर झोपले, जागी झाले तर गाडी चालू.”

“आणि भांडी?”

“कुठली भांडी? मी नाही घासली.”

बोलेरोची डिकी उघडली तर भांडी आत होती. स्वच्छ घासलेली, ओली. मोठ्यात मधलं, मधल्यात छोटं, वर झारा उलटा. आमच्या घरात अशी भांडी फक्त मेघना रचते.

तेव्हा कुठे मला भंडारदऱ्याला बुडालेला फोन आठवला.

मग मला फोन केला कोणी?

मेघना घरीच असते. चहा चांगला करते, माझ्यापेक्षा चांगला. तिला सगळं आठवतं, पहिलीतल्या बाईंचं नावसुद्धा. रुसत मात्र नाही. कितीही बोला, हसते. शेजारणी म्हणतात, पोरगी किती शहाणी झाली.

हे तिच्यासोबत एका खोलीत थांबत नाहीत. कारण विचारलं तर विषय बदलतात.

परवा मी सहज म्हटलं, “एकदा त्या तळ्यावर जाऊन येऊ या का?”

तिने कप खाली ठेवला. माझ्याकडे बघत राहिली.

“कशाला?” ती म्हणाली. “तिथे आपलं कोण राहिलंय?”

तेव्हापासून चिमूटभर तांदूळ पदराला बांधून ठेवलेत. रात्री ती उशाशी येऊन गाठ चाचपते... मी झोपेचं सोंग घेते.

रविवारी तळ्यावर जाऊन माझ्या मेघनाला नावाने हाक मारायची, असं मी म्हणते. अजून गेले नाही.