वाट न पडलेली राई

हिरडजाईची आण घेऊन, गळ्याला हात लावून सांगते, यातला शब्द न् शब्द खरा आहे. आता हे सगळं अजून घडायचंय म्हणून कोणी नाक मुरडेल. मुरडू दे. घडायचं राहिलं म्हणून का ते खोटं होतं? उद्याची सकाळ तरी कुठे घडलीय अजून, पण तिच्यासाठी आदल्या रात्री विरजण लावतोच ना आपण?

तर आंबेकोंडची हौसा असवले रोज सकाळी भाकरी बांधून घ्यायची, कानात बोराएवढी डबी बसवायची आणि कुंपणाच्या कडेकडेनं चालू लागायची. गावाच्या वरच्या अंगाला हिरडजाईची राई. जुनी म्हणजे किती, तर तिथल्या गारंबीच्या वेलावर हौसाच्या पणजीचीही पणजी झोके घेऊन गेलेली. सरकारनं ती राखीव केली, भोवती तार ओढली, आणि तार ओढण्याआधी आत जागोजागी हातभर लांब सुया जमिनीत खोचल्या. त्या सुयांना म्हणायचे मूळकान, आणि तारेबाहेरून फिरत ते ऐकायचं ही हौसाची नोकरी.

झाडाच्या अंगात पाणी वर चढताना बारीक टचटच होते. कोवळं मूळ माती ढकलत निघालं की खरखर होते. आपल्या कानाला यातलं काही ऐकू येत नाही. मूळकान ते पकडतो, मोठं करतो आणि डबीत आणून सोडतो. टचटच म्हणजे जुनं झाड, खरखर म्हणजे नवं रोप. पहिल्या वर्षी हौसाला राई ऐकताना भरल्या घरात शिरल्यासारखं वाटायचं. सातव्या वर्षी बहुतेक नुसती टचटच उरली. तिच्या गावासारखंच झालं होतं, म्हातारी उंबऱ्यावर खोकत बसलेली आणि पोरं सगळी शहरात.

मूळकान शोधून काढला होता वनखात्याच्या ताम्हाणे साहेबांनी, आणि राई बंद करायचा कागदही त्यांचाच. माणूस वाईट नव्हता. सात वर्षं माणसाचं पाऊल आत नको, निसर्गाला एकटं सोडून बघू, असं त्यांच्या मनात होतं. ती सात वर्षं या ज्येष्ठात संपत होती आणि पुढचा कागद तीस वर्षांचा होता. हौसा आताच अठ्ठावन्नची. तीस वर्षांनी राईत कसं चालायचं हे सांगायला कोण उरणार होतं?

कसं चालायचं, तिथंच तर सगळा घोळ झाला होता. आंबेकोंडची रीत अशी, की रानातली फळं गळून झाली की जत्रा. चारशे माणसं अनवाणी राईत शिरायची, पण एकाच्या पावलावर दुसऱ्यानं पाऊल टाकायचं नाही. ज्यानं त्यानं आपली वेगळी वाट धरायची, आणि पुढच्या वर्षी तीही सोडायची. देवीच्या राईत वाट पडू द्यायची नाही. वाट पडली की तिच्यावरून कुऱ्हाड येते, असं जुनी माणसं सांगायची.

बंदीच्या आधी साहेबांनी ग्रामसभेत विचारलं होतं, तुमची जत्रा नेमकी कुठून जाते ते दाखवा. तेव्हा हौसाच उठली होती, पदर खोचून, मोठ्या तोऱ्यात. आमच्या पावलांचा मागसुद्धा राहत नाही, शोधून दाखवा, म्हणाली. सगळी सभा हसली. साहेबांनी चार दिवस शोधलं, खरंच काही सापडलं नाही, आणि त्यांनी लिहून टाकलं की राईत माणसाचा वावर नाही, बंद केल्यानं काही बिघडणार नाही. एका बढाईनं राईचं दार लागलं. ही गोष्ट हौसाच्या घशात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती.

ज्येष्ठातल्या त्या सकाळी साहेब कुंपणाशी आले. हातातल्या पडद्यावर त्यांनी राईचा नकाशा उघडला. जिथं खरखर तिथं हिरवा ठिपका. नकाशा जवळजवळ सगळा काळा होता. फक्त तारेपासून देवीच्या तांदळ्यापर्यंत, त्या शेंदूर फासलेल्या दगडापर्यंत, ठिपक्यांच्या बारीक ओळी गेल्या होत्या.

"सात ओळी आहेत, मावशी," साहेब म्हणाले. "एक यंदाची, एक गेल्या सालची, अशा मागे मागे. कुठलं तरी जनावर वर्षातून एकदाच येतं, आणि दर वेळी वेगळ्या वाटेनं. असं जनावर मी तरी पाहिलेलं नाही."

त्यांनी अस्वलाचं नाव घेतलं, साळिंदराचं घेतलं. हौसानं नुसतं हो म्हटलं असतं तरी साळिंदराच्या नावावर खपलं असतं. तिची नोकरी राहिली असती आणि राई तीस वर्षांसाठी मिटली असती. तिनं कानातली डबी काढली आणि साहेबांच्या हातावर ठेवली.

"त्ये जनावर मीच हाय, साहेब."

दर जत्रेच्या दिवशी ती एकटी तारेखालून आत जात होती. वर्षाचा एक दिवा तरी देवीला लागायला हवा, एवढंच तिच्या मनात होतं. साहेबांचा चेहरा उतरला. हे मला लिहावं लागेल, नोकरी जाईल, वर खटला होईल, असं त्यांनी हळू आवाजात सांगितलं.

हौसा म्हणाली, खुशाल लिहा. मग ती गुडघ्यावर बसली, तारेखालून हात घातला आणि वाळका पाला उचलून दाखवला. वीतभर जाड थर होता. वर जांभळीच्या बिया पडल्या होत्या, उन्हानं तडकलेल्या.

"बी वरच वाळतंय. मातीत जायला त्याला भार लागतो," ती म्हणाली. "डुक्कर खातंय, बूट चेचतोय. उघडा पाय तेवढा अलगद दाबतो. मलाबी आधी ठावं नव्हतं. डबीत ऐकलं, मी चालले तिथंच खरखर होती."

साहेबांनी पडद्यावरच्या ठिपक्यांवरून बोट फिरवलं. एका बाईच्या पावलांच्या सात ओळी. चारशे माणसं, आणि अशी किती शतकं. "म्हणजे ही राई तुमच्या पावलांनीच..." ते म्हणाले.

"तुमाला माग सापडला नव्हता न्हवं?" हौसानं तारेपलीकडच्या अंजनाकडे बोट दाखवलं. तीन माणसांच्या कवेत न मावणारं झाड. "ह्यो काय, उभा हाय."

साहेब खाली दगडावर बसले. खिशातला तीस वर्षांचा कागद काढून त्यांनी मांडीवर उलगडला. मग वाकून नाड्या सोडल्या, बूट काढून तारेबाहेर जोडीनं ठेवले आणि विचारलं, कुठून जाऊ?

"माझ्या मागनं येऊ नका," हौसा म्हणाली. "तुमची तुमी धरा."

आता आण घेतलीय, तर एक कबूल करायला हवं. हौसा खरी, सुया खऱ्या, सात ओळीही खऱ्या. ते बुटांचं मात्र मी पदरचं घातलं. साहेब दगडावर बसले, मला ठाऊक आहे ते एवढंच. कागद मांडीवर आहे आणि नाड्या अजून बांधलेल्या आहेत. काढतील का हो ते बूट?