पुढची सीट

कंपनीची बस मरीन परेडला थांबली. क्षिप्रा वर चढली आणि पायरीवरच थबकली. ड्रायव्हरशेजारची पुढची सीट, गेली दोन वर्षं तिची आणि फक्त तिची, आणि तिच्यावर एक लांबलचक तरुण खुशाल बसला होता!

मागे बसलं की क्षिप्राला गाडी लागायची. जुरोंग आयलंडवरच्या कंपनीपर्यंतचा पाऊण तास म्हणजे... जाऊ दे, सकाळी सकाळी नको.

“ही माझी सीट आहे,” तिनं इंग्रजीत सुनावलं.

“नाव दिसलं नाही कुठे,” तोही इंग्रजीतच, वर गालात हसून.

“बस मग. अंगावर ओकले की कळेल,” ती मराठीत पुटपुटली.

तो ताडकन उठला. “नको, नको! बसा तुम्ही!” चक्क मराठीत!

क्षिप्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण मेलं तरी सीट सोडू नये, म्हणून ती बसली.

त्याचं नाव प्रबोध. सांगलीचा, नुकताच कंपनीत लागलेला. दुसऱ्या दिवसापासून तो बरोबर तिच्या मागे बसू लागला. मान वळवली तरी तिला मळमळायचं, म्हणून दोघं ड्रायव्हर अंकलच्या डोक्यावरच्या मोठ्या आरशातून बोलायची. तिला त्याचे डोळे तेवढे पाठ झाले. शर्ट कुठला होता, काही विचारू नका. समुद्रावरचा पूल आला की तिच्या खांद्यावरून एक हात हळूच पुढे यायचा... हातात आलेपाकाची वडी.

“आईनं पाठवलीय. पोटासाठी.”

“कुणाच्या?”

“पुढच्या सीटच्या.”

आणि आरशातले डोळे हसायचे.

मग कंपनीनं त्याला चीनला धाडलं, वूशीच्या नव्या प्लांटवर. सहा महिन्यांसाठी. जाताना म्हणाला, “सीट सांभाळ.” एवढंच! पुढे फोन रोज झाले, पण मुद्द्याचं कुणीच बोलेना. परत आल्यावर बोलू, असं दोघांनीही आपापल्या मनात ठरवून टाकलेलं.

सहा महिने संपत आले, आणि एका रविवारी साधनाकाकू किंचाळल्या. क्षिप्रा त्यांच्याच फ्लॅटमधल्या एका खोलीत भाड्यानं राहायची. प्रबोधच्या आईशी काकूंची फोनवर मैत्री झालेली, तीही आलेपाकावरूनच.

“अगो बाई! हे बघ!” तव्यावर पोळी टाकून काकूंनी फोन पुढे केला. “त्याच्या आईनं पाठवलाय फोटो!”

लोणी रंगाची एवढीशी गाडी. बोनेटवर हार, चाकाखाली लिंबू, आणि शेजारी प्रबोध.

“गाडी आहे की इस्त्री? आणि किंमत ऐकलीस? तेवढ्यात इथे नुसता गाडी ठेवायचा परवाना यायचा नाही! आमचे हे जन्मभर बसनं हिंडले गं...”

काकूंना धक्का किमतीचा. क्षिप्राला गाडीचा. परत येणारा माणूस बॅग घेतो. गाडी कोण घेतं?

पोळी करपली. दोघींनाही पत्ता नाही.

तिनं फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. मग तिनं ठरवलं, उगवला कधी फोन तर फक्त ‘अभिनंदन’ म्हणायचं. रडायचं अजिबात नाही.

सोमवारी बस आली. क्षिप्रा चढली आणि पायरीवरच थिजली. पुढच्या सीटवर... तो!

“तू? तू वूशीत...”

“काल दिवसभर प्रवासात होतो, फोन बंद. फोटोचं आताच कळलं. आईला म्हटलं होतं, कुणाला दाखवू नकोस...”

“ऊठ.”

“नाही. आधी ऐक.”

“ऊठ, नाहीतर ओकेन अंगावर.”

“ओक,” तो शांतपणे म्हणाला. “ते कबूल करूनच आलोय.”

मागची सगळी बस टकामका बघत होती.

“तीन वर्षं थांब म्हणतायत तिकडे,” त्यानं फोनवर गाडीचा आतला फोटो उघडला. “बघ.”

तिनं बघितलं. पुन्हा बघितलं. “मागची सीट कुठाय?”

“नाहीच. चार सीटची पण होती, विकणारा मागेच लागला होता. म्हटलं, नको. दोनच. दोन्ही पुढच्या.”

“आणि माझी नोकरी?”

“तिकडच्या लॅबमध्ये जागा निघतेय. नाही जमलं, किंवा तू... नाही म्हणालीस, तर गाडी विकून मी इकडे. म्हणून तर इतकी स्वस्त घेतली. सोडताना जीव अडकायला नको. गाडीत.”

“फर्स्ट सिट, देन फाइट, लाह!” ड्रायव्हर अंकलनी इथल्या खास इंग्रजीत सुनावत हॉर्न वाजवला.

प्रबोध उठला आणि मुकाट्यानं मागे जाऊन बसला. बस सुटली. आरशात त्याचे डोळे वाट बघत होते. तिनं आरशाकडे पाहिलंच नाही. पूल आला. खांद्यावरून हात मात्र आला नाही. आज त्याला धीर नव्हता.

तेव्हा क्षिप्रा अख्खी मागे वळली. पहिल्यांदाच. शर्ट निळा होता.

“एक अट,” ती म्हणाली. “गाडी मी चालवणार.”

“आँ? तुला येते?”

“नाही. शिकेन. चालवणाऱ्याला गाडी लागत नाही म्हणतात.”

त्यानं वासलेलं तोंड मिटायच्या आत तिनं पर्समधली जपून ठेवलेली शेवटची वडी त्यात घातली.