टांगलेला खांब

मावशीच्या बेकरीचं छप्पर कुरकुरतं म्हणून मी बघायला गेले. मी सुतार. नुसतं बघून यायचं होतं, पण सवयीने अवजारांची पिशवी घेतली, पट्ट्या-बोल्टसकट. कामगार यायचे बंद झाले होते आणि थोरले मामा जागा विकून टाक म्हणून मावशीच्या मागे लागले होते.

"छप्पर पडलं तर माझ्या डोक्यावर पडेल," मावशी म्हणाली. "त्यांच्या का पोटात दुखतंय?"

दुपार होती, पण झडपा बंद असल्याने आत अंधारून आलं होतं. भट्टी थंड. मावशीने आणवून ठेवलेल्या चाकांच्या परांचीवर मी चढले. छपराच्या कैचीत, म्हणजे त्याला पेलणाऱ्या तिकोनी लाकडी सांगाड्यात, मध्ये जो उभा खांब असतो, तो खालच्या तुळईवर उभा आहे असं लोकांना वाटतं. खरं तर तो वरून लोंबकळत असतो आणि तुळईलाच उचलून धरतो. लोखंडी पट्टीने ती त्याला बांधलेली असते.

इथे पट्टी तुटली होती. खांब आणि तुळई यांच्यामध्ये माझी बोटं सहज गेली. तुळई कधीच वाकायला हवी होती. ती तसूभरही वाकली नव्हती.

मग वास आला. जुन्या लाकडाचा नव्हे, घामाचा.

मी एका हाताने खांब धरला आणि दुसरा तुळईखाली घालून चाचपलं.

"धरलंस...?" कानापाशी कोणीतरी विचारलं. आवाज फार दमलेला होता.

आणि सगळा भार माझ्यावर आला. खांदे निखळतात की काय असं झालं. हात काढू म्हटलं तर निघेनात. खाली नेमकी मावशी उभी.

"मावशी... बाजूला हो. तुळईखाली टेकू लाव... लवकर."

"सवय होते," तो आवाज समजुतीने म्हणाला. "हळूहळू काही वाटेनासं होतं..."

माझी बोटं ताठ व्हायला लागली होती. पण त्या समजुतीच्या सुरानेच माझं डोकं फिरलं.

"मला नाही करायची सवय," मी दात आवळून म्हटलं. "मी सुतार आहे. खांब नाही."

खाली काहीतरी जड फरफटलं. टेकू उभा राहिला, पाचर ठोकल्याचे आवाज आले, भार जरासा हलका झाला. मी हात ओढले. तळव्यांची सालं निघाली, पण हात निघाले. तशाच रक्ताळलेल्या हातांनी नवी पट्टी चढवली आणि बोल्ट आवळले. छप्पर एकदा कण्हलं आणि स्थिर झालं.

खाली आले तेव्हा मावशीने माझ्या हातांवर पाणी घातलं. "मामांना सांग, उद्या भट्टी पेटणार."

"एवढा मोठा टेकू एकटीने कसा उचललास?"

"एकटीने कुठे? तुझा माणूस होता ना."

"माझा कुठला माणूस?"

मावशीचा हात थांबला. "बिचाऱ्याला पेला धरता येईना, हात वाकतच नव्हते. मीच पाणी पाजलं." मग हळूच म्हणाली, "जाताना विचारत होता... बाकीच्यांना कधी उतरवणार?"

आम्ही दोघींनी वर पाहिलं. बेकरीला अजून चार कैच्या आहेत.

मावशीने परांची पुढच्या कैचीखाली ढकलायला घेतली. मीही हात लावला.

वर अंधारात कोणीतरी घसा खाकरला.