उसना हात

"उजवीकडून उतरले बघ भुंगे!" डावीकडच्या खुर्चीतून चित्राताई ओरडली, आणि मुग्धाला वाटलं, हिला विचारलंय कुणी?

पडद्यावर भुंग्यांसारखी दिसणारी शत्रूची यानं गोळ्या ओकत खाली येत होती. मामाच्या इचलकरंजीच्या व्हिडिओ गेम पार्लरमधलं हे जुनं खोकं आता सांगलीच्या एका उपचार केंद्रात येऊन बसलं होतं. लाईफ फक्त तीन, आणि एक गोळी लागली की पातळी पुन्हा पहिल्यापासून. लहानपणी मे महिन्याच्या सुटीत दोघी मावसबहिणी त्याच्यासमोर पडीक असायच्या. शेवटची भुंगाराणी मारली ती मात्र एकट्या चित्राताईनं. मामानं तेव्हा पेढे वाटले होते. पन्नाशी उलटली तरी मुग्धाच्या जिभेवर तो पेढा कडूच होता.

आता चित्राताईचा उजवा हात मांडीवर निपचित पडलेला होता. पक्षाघातानं मेंदूतली त्या हाताची वाट पुसून टाकली होती. मुग्धाच्या मनगटापासून मानेपर्यंत चिकटवलेली पट्टी तिच्या स्नायूंकडे जाणारा प्रत्येक संदेश टिपत होती. डॉक्टर अनघा बेंद्रे या नोंदीला स्नायुलेख म्हणत. तोच लेख रोज चित्राताईच्या स्नायूंवर उमटवला, की तिचा मेंदू हरवलेली वाट पुन्हा शिकणार होता. फक्त हालचाल जुन्या ओळखीची हवी. तिच्या हाताला भुंग्यांइतकं ओळखीचं दुसरं काही नव्हतं, आणि हा खेळ येणारी दुसरी होती फक्त मुग्धा.

मुग्धा हो म्हणाली ती थोडीफार मायेनं, आणि बरीचशी आता तरी पहिला नंबर आपला येईल म्हणून.

बऱ्याच सरावानंतर त्या दिवशी राणी पडली. मुग्धानं झटकन डावीकडे पाहिलं. टाळ्या वाजवता येत नव्हत्या, म्हणून चित्राताई डाव्या हातानं मांडीवर थापा देत तोंडभर हसत होती. मुग्धाचा जळफळाट झाला. हरल्याचं थोडं तरी वाईट वाटायला नको?

दिवाळीच्या आधीच चित्राताईचा हात चालू लागला. तिनं पुन्हा राणी मारली. केंद्रातल्या सगळ्यांनी तिला डोक्यावर घेतलं. माझाच हात वापरून, मुग्धा मनात धुमसत राहिली.

आणि मग चकल्या तळताना चित्राताईचा हात मध्येच थबकला, मान डावीकडे वळली, झारा कढईत आपटला. मनगटावर उकळतं तेल उडालं.

डॉक्टरांनी दोघींना मुग्धाचा स्नायुलेख दाखवला. "प्रत्येक पातळी संपली की हात थबकतो आणि मान डावीकडे वळते. मुग्धाताई, डावीकडे काय होतं?"

डावीकडे चित्राताईची खुर्ची होती.

"तळताना माझ्या डावीकडे जाऊ होती," चित्राताई म्हणाली. "तिच्या चकलीला काय सुरेख काटे आले होते! बघून वाटलं, हिच्याच का, माझ्या का नाहीत? असं कधी व्हायचं नाही गं मला."

"शरीर काहीतरी करतं आणि मन मागून त्याचं कारण शोधतं," डॉक्टर म्हणाल्या. "मान सारखी शेजारी वळली, की मनाला वाटतं, शेजारणीकडे आपल्याहून बरं काहीतरी असणार."

"मुग्धे, तुला लहानपणापासून असंच व्हायचं?"

"हो. अजून होतं."

"मग सांगायचंस ना!"

"सांगून काय, मामानं माझ्यासाठीही पेढे वाटले असते?"

उपाय एकच होता. मुग्धानं एकदाही बाजूला न पाहता खेळायचं आणि नवा लेख द्यायचा. डॉक्टरांनी चित्राताईला बाहेर बसायला सांगितलं. दाराशी ती अडखळली.

"तू राणी मारलीस तेव्हा केवढी फुलली होतीस. मला परवा राणी मारून काहीच वाटलं नाही. हेवा वाटतो गं तुझा."

हे ऐकण्यासाठी मुग्धा चाळीस वर्षं थांबली होती. तिला इतकं बरं वाटलं, की तिची तिलाच भीती वाटली.

दार बंद झालं. भुंगे उतरू लागले. बोटं सरावानं चालत होती. मुग्धानं नुसतं समोर पाहिलं तर चित्राताई पुन्हा निर्धास्त कढईसमोर उभी राहणार होती, पुन्हा तशीच तोंडभर हसणार होती, आणि तिला कुणाचाच हेवा वाटणार नव्हता.

पहिली पातळी संपली. मानेचा स्नायू ताठ झाला. डावीकडची खुर्ची रिकामी होती.

ती मान सरळ ठेवायची मुग्धाला खरंच इच्छा होती का?