अण्णांना घरी सोडणाऱ्या बाई

अण्णा आत झोपलेत, म्हणून हळू बोलते. पण मध्येच माझा आवाज चढला तर सांभाळून घे, कारण ही गोष्ट आठवली की डोकं फिरतं माझं. दिवा राहू दे जवळ.

त्या संध्याकाळी मी फक्त इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेले होते. परत येते तो दार सताड उघडं आणि अण्णा गायब. माझे वडील जन्मभर लिफ्ट दुरुस्त करायचे. आता त्यांना लेकीचं नाव आठवत नाही, पण दिवेलागणीला "माणसं आत अडकलीत" म्हणत बाहेर पडतात. मी जिना धडाधड उतरले. गॅलऱ्यांतून सगळी बिल्डिंग बघत होती. "आत्ताच गेले हो गेटमधून," एकीने वरून सांगितलं, चहाचा कप हातात धरून! गेलेले दिसले, मग हाक मारायला तोंड शिवलं होतं?

पूर्वी असं नव्हतं. खालच्या हॉलमध्ये आमचं मंडळ जमायचं. स्मृतिभ्रंश झालेली आमची माणसं गाणी म्हणायची आणि त्यांना सांभाळणारे आम्ही कोपऱ्यात चक्क डुलक्या काढायचो. मंडळाचा नियम एकच. आपलं माणूस रस्त्यात दिसलं की ओढायचं नाही, वाद घालायचा नाही. हात धरून सोबत चालायचं आणि बोलता बोलता वळवून घरी आणायचं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींना हॉलमध्ये वास यायला लागला. मुलं म्हणे घाबरतात. कुलूप ठोकलं! त्यांची स्वतःची आईसुद्धा आमच्या मंडळातलीच. थोड्याच दिवसांत त्या आजी अशाच गेटबाहेर पडल्या. सगळ्यांनी पाहिलं. सकाळी मागच्या बांधकामाच्या खड्ड्यात सापडल्या. एका पायात चप्पल होती, दुसरी मिळालीच नाही. त्या खड्ड्याला अजून कुंपण नाही, आणि त्या संध्याकाळी जिना उतरताना माझ्या डोळ्यांपुढे तोच खड्डा होता.

गेटशी पोचले तर समोरून अण्णा येत होते. एकटेच. पण डावा हात कोपरात वाकवलेला, कुणीतरी धरलेला असावा तसा. थोडं चालायचे, थांबायचे... मागे बघायचे. आणि एका चपलेचा आवाज येत होता. फट्... मग काहीच नाही... पुन्हा फट्... ओल्या मातीचा वास आला. पाऊस तर कित्येक दिवसांत नव्हता.

"अण्णा... कोण आहे सोबत?"

"या बाई. रोज मला घरापर्यंत सोडतात," ते हळूच म्हणाले. "पण त्यांना कुणी सोडत नाही गं."

रोज! अण्णा आपले आपण परत येतात म्हणून मी देवाला हात जोडत होते. पण खरं सांगू? भीतीपेक्षा संताप जास्त आला. जिवंत माणसांनी भरलेली बिल्डिंग, आणि माझ्या बापाला घरी आणायला मेलेल्या बाईने यावं?

अण्णा आमच्या दाराशी थांबलेच नाहीत. तसेच वर गेले आणि सेक्रेटरींची बेल दाबली.

"तुमच्या आईंना आणलंय," अण्णा म्हणाले. "अडकल्या होत्या. आत घ्या."

सेक्रेटरींनी अण्णांच्या रिकाम्या कोपराकडे पाहिलं. "काय... काय थट्टा आहे ही?" त्यांनी दार धाडकन लावलं. तोवर अण्णांचा हात मोकळा होऊन खाली आला होता. उंबऱ्याबाहेर एकच चप्पल काढून ठेवलेली होती, चिखलाने माखलेली.

त्यानंतर अण्णांना आणायला कुणी येईना. परवा ते पुन्हा निसटले. अंधार पडत आला तरी पत्ता नाही. गॅलऱ्या नेहमीसारख्या भरलेल्या. मी वर जाऊन सेक्रेटरींचं दार बडवलं.

"चला माझ्याबरोबर शोधायला! कुलूप तुम्ही लावलंत ना? मग आता चला!"

दार उघडलं. चेहरा पांढराफटक, दोन्ही हात कानांवर घट्ट दाबलेले. त्यांच्या मागे, आतल्या अंधाऱ्या खोलीत, पलंग करकरला... आणि आजींचा थकलेला, ओळखीचा आवाज आला.

"आले गं... थांब, चप्पल घालते."