गॅरेजमधला गरम खोका

“हे बघ, हे बघ! डुकराने टाय लावलाय आणि ते कोंबडीला पार्किंगचं तिकीट देतंय!” रुही हसत हसत गॅरेजच्या फरशीवर लोळलीच.

“पान हळू उलट!” तिची मोठी बहीण आश्लेषा ओरडली. “सत्तर वर्षांचा कागद आहे. फाटला तर?”

“आणि छप्पर पडलं तर? भूकंप झाला तर?” परीक्षितने तिची नक्कल केली. “भित्री भागुबाई, तुझी गाडी नेहमी ‘तर’वर अडते यार!”

आश्लेषाने पुढचं पान स्वतःच हळूच उलटलं. ती बारा वर्षांची होती आणि आपण भित्र्या आहोत हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. मागच्याच आठवड्यात घरात कसलासा उग्र वास आला, तेव्हा “गॅस लीक! गॅस लीक!” करत तिने सगळ्यांना रस्त्यावर काढलं होतं. नंतर कळलं की मागच्या कुंपणापाशी स्कंक नावाचा मांजराएवढा प्राणी येऊन आपला जगप्रसिद्ध वास सोडून गेला होता. तेव्हापासून टेक्सासमधल्या फ्रिस्को गावातल्या त्या गल्लीत तिच्या नाकाची थट्टा चालू होती. जर्सी सिटीहून बाबांबरोबर सुट्टीला आलेला तिचा चुलतभाऊ परीक्षित तर दिवसातून चारदा विचारायचा, “काय गं, आज गॅस की स्कंक?”

पण आज भांडायला वेळ नव्हता. उद्या रविवारी लायब्ररीत शेजारच्या टॅनर आजींच्या कॉमिक्सचं प्रदर्शन होतं. एक्क्याण्णव वर्षांच्या एडिथ टॅनर तरुणपणी न्यूयॉर्कमध्ये चित्रं काढायच्या. कोट घातलेले ससे, मोटार चालवणारी डुकरं, आणि सगळ्यांचं लाडकं पिम नावाचं साळिंदर! त्याला फुगे फार आवडायचे, पण जवळ गेलं की फुगा फट्! दहा सेंटला मिळणारी ती पुस्तकं लाखो मुलांनी वाचली. पण एकाही पुस्तकावर आजींचं नाव नव्हतं. मुखपृष्ठावर नाव असायचं ते त्यांच्या साहेबाचं.

“तेव्हा तसंच चालायचं,” आजी एकदा म्हणाल्या होत्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या होत्या. उद्याच्या पाटीवर मात्र मोठ्या अक्षरांत त्यांचंच नाव असणार होतं. हाताने काढलेली मूळ चित्रं आणि कॉमिक्स मिळून तीन खोके भरले होते. दुसरी प्रत कुठेच नव्हती.

“पोट्टेहो, बाजूला सरका!” अवधूतकाका गरजले. परीक्षितचे बाबा आणि आश्लेषाचे काका असलेले हे गृहस्थ सोमवार ते शुक्रवार कॉम्प्युटरवर काम करायचे आणि शनिवार-रविवार स्वतःला सुतार समजायचे. प्रदर्शनासाठी त्यांनी टॅनर आजींच्या गॅरेजमध्ये एक लांबलचक टेबल बनवलं होतं. सकाळपासून ते त्यावर डब्यातलं तेल घासत होते.

“काका, डब्यावर लाल अक्षरांत वॉर्निंग लिहिलीय,” आश्लेषा म्हणाली.

“अगं, जवसाचं तेल आहे हे! आपल्या नागपूरची जवसाची चटणी खाऊन मी एवढा मोठा झालो. जवसाला काय भ्यायचं!”

टेबल चकाचक झालं. काकांनी तेलाने थबथबलेल्या सात-आठ चिंध्या एका रिकाम्या खोक्यात दाबून कोंबल्या, झाकण मुडपलं आणि तो खोका कोपऱ्यातल्या कॉमिक्सच्या खोक्यांवर ठेवून दिला. मग सगळे शेजारच्या आपल्या घरी जेवायला गेले.

जेवण झाल्यावर आश्लेषाला आठवलं की चित्रांची यादी गॅरेजमध्येच राहिली. आई-बाबा लायब्ररीत खुर्च्या मांडायला गेले होते. ती एकटीच निघाली. बाहेर जुलैचं ऊन नुसतं आग ओकत होतं.

बाजूच्या छोट्या दाराने ती आत शिरली. मोठं दार बंद असल्यामुळे आत अंधारलेलं होतं. यादी कोपऱ्यातल्या खोक्यांमागे पडली होती. ती वाकली, तोल सावरायला तिने वरच्या खोक्यावर हात टेकला.

खोका गरम होता! ताप आलेल्या बाळाचं अंग असावं तसा!

तिने हात झटकन मागे घेतला. तेवढ्यात आतून आवाज आला. कुर्र... अगदी बारीक. जणू आत कुणीतरी कूस बदलली.

यादी तिथेच टाकून आश्लेषा जी पळत सुटली ती थेट घरात!

“ख... खोक्यात काहीतरी जिवंत आहे!”

“गॅस की स्कंक?” परीक्षितने विचारलं.

“रकूनचं पिल्लू!” रुहीने टाळ्या पिटल्या. ती आठ वर्षांची होती आणि तिला प्रत्येक खोक्यात पिल्लूच हवं असायचं. “आपण पाळू या ना, ताई!”

“प्लीज, एकदा हात लावून बघ,” आश्लेषा परीक्षितला म्हणाली. तिचा चेहरा पाहून तो उठला. सोबत त्याने बॅडमिंटनची रॅकेट मात्र घेतली.

तिघं दबकत दबकत गॅरेजमध्ये शिरली. परीक्षितने रॅकेट पुढे धरून दुसऱ्या हाताचं एक बोट खोक्याला लावलं. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू पुसलं गेलं.

“गरम आहे,” तो कुजबुजला. “खूपच गरम आहे. आणि हा वास कसला?”

कुर्र... खस्...

“आई गं!” रुहीने आश्लेषाच्या कमरेला मिठी मारली आणि तिघंही एकमेकांना अडखळत बाहेर पळाली.

अवधूतकाका सोफ्यावर आडवे होऊन मॅच बघत होते. तिघं एकदमच बोलू लागली, तेव्हा त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

“खोका गरम आहे म्हणता? अरे, टेक्सासच्या जुलैत गॅरेज म्हणजे भट्टी! खोका गरम नाही होणार तर काय कुल्फी होणार?”

“पण बाबा, आवाज येतोय!”

“पुठ्ठा तापला की वाजतोच. एक मिनिट, दार लावलंत का मागे? नाही ना? माझ्या पॉलिशवर धूळ बसून राहिली असेल!” काका तरातरा शेजारी गेले. त्यांनी बाहेरूनच बाजूचं दार ओढून घेतलं, कुलूप घातलं आणि किल्ली चड्डीच्या खिशात टाकली. “आता संध्याकाळपर्यंत गॅरेजकडे फिरकायचं नाही! आणि आश्लेषा, तू जरा कमी घाबरत जा.”

खोक्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

आश्लेषा पायरीवर बसली. ‘काका म्हणतात ते खरं असेल,’ तिने स्वतःची समजूत घातली. ‘ऊन आहेच ना...’ आणि ती एकदम ताठ बसली.

“परीक्षित, यादी उचलायला वाकले तेव्हा माझा पाय खालच्या खोक्यांना लागला होता. ते गरम नव्हते! उन्हाने तापायचं तर चारही खोके तापतील. एकच कसा तापेल?”

परीक्षितचे डोळे विस्फारले. “म्हणजे आत प्राणीच आहे!”

“नाही. तो वास प्राण्याचा नव्हता. तेलाचाच होता, पण जळका. आई फोडणी विसरते तेव्हा येतो ना, तसा.”

एवढं बोलून तीच घाबरली. तिघं गॅरेजच्या बाजूच्या खिडकीकडे धावली. परीक्षितने हाताचा आडोसा करून आत पाहिलं. खोक्याच्या एका बाजूला कॉफी सांडल्यासारखा तपकिरी डाग पसरला होता. आणि झाकणाच्या फटीतून धुराची एक बारीक रेघ वर चढत होती.

“टॅनर आजी!” आश्लेषा ओरडली. त्या कोपऱ्याच्या भिंतीपलीकडेच आजींची झोपायची खोली होती. रोज दुपारी कानातली यंत्रं काढून त्या गाढ झोपायच्या. “परीक्षित, तू ९११ला फोन लाव. पत्ता नीट सांग. रुही, समोरच्या ओकच्या झाडाखाली उभी राहा आणि तिथून हलू नकोस. मी काकांकडून किल्ली आणते.”

“ते ऐकणार नाहीत!”

नाहीच ऐकणार. आश्लेषाला ते कळत होतं. डब्यावरची वॉर्निंग आणि गरम खोका, दोन्ही सांगून झालं होतं. आता समजावत बसलो तर... पण एका गोष्टीसाठी काका नक्की उठतील! ती दारातूनच जिवाच्या आकांताने ओरडली,

“काका! तुमच्या पॉलिशवर मांजर चालतंय!”

“काय?” काका सोफ्यावरून असे उडाले की रिमोट टीव्हीखाली गेला. अनवाणीच, तापलेल्या फरशीवर “हाय हुय” करत ते धावले. “हाड! हाड! कुठंय ते मांजर?” त्यांनी कुलूप काढलं, दार उघडलं आणि धुराचा लोट त्यांच्या तोंडावर आला.

“अरे बाप्पा!”

“काका, झाकण उघडू नका!”

पण काकांनी उघडलंच. हवा लागताच भप्पकन ज्वाळा उठली. काका मागे कोलमडले आणि भिंतीला पाठ लावून तसेच उभे राहिले. त्यांना हात हलवता येईना की पाय.

पण आश्लेषाला भित्र्या माणसाची एक सवय होती. कुठेही गेलं की बाहेर पडायचा रस्ता कुठे आहे, हे ती आधी पाहून ठेवायची. दाराशेजारचं बटण तिने दाबलं. मोठं दार घरघरत वर गेलं आणि लख्ख ऊन आत आलं. भिंतीला पानं ओढायचा लांब दांड्याचा रेक टांगलेला होता. तो तिने खाली ओढला आणि जळत्या खोक्याला अडकवून सगळं बळ लावून खेचला. खोका धाडकन फरशीवर आदळला. ठिणग्या उडाल्या. खालच्या खोक्याचं झाकण काळवंडलं होतं.

“काका, हा धरा! बाहेर ओढा!”

तिच्या किंचाळण्याने काका भानावर आले. त्यांनी रेक हिसकावून घेतला आणि खोका फरफटत बाहेरच्या सिमेंटवर नेला. फोन कानाला लावूनच परीक्षितने पाण्याचा पाइप त्यांच्याकडे फेकला.

आश्लेषा मात्र पुढच्या दाराकडे धावत होती. आजी दिवसा ते कधीच बंद करत नसत. आत धुराचा अलार्म कान फाडत होता. बोळात धुराचा पातळ पडदा तरंगत होता आणि खोलीत टॅनर आजी उशीवर हात ठेवून शांत झोपल्या होत्या. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं!

तिने त्यांना गदागदा हलवलं. आजींनी डोळे उघडले, हसल्या. “चहाची वेळ झाली का?”

आश्लेषाने नाकाकडे बोट दाखवलं, मग दाराकडे. आजींनी श्वास घेतला आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. “माझी चित्रं!” वॉकर धरून त्या गॅरेजकडच्या दाराला वळल्या.

“नो! इकडे!” आश्लेषाने त्यांचा दंड धरला.

मग सुरू झाला तिच्या आयुष्यातला सगळ्यात लांब रस्ता. खोलीपासून पुढच्या दारापर्यंत जेमतेम वीस पावलं होती. पण आजींचं एक पाऊल, मग वॉकर, मग दुसरं पाऊल. ठक... सर्र... ठक... सर्र... डोळे चुरचुरत होते. ‘हात सोड आणि पळ!’ असं तिचं मन शंभरदा ओरडलं. तिने हात सोडला नाही. ती रडत होती आणि चालत होती.

त्या दोघी बाहेर आल्या तेव्हा बंब गल्लीत वळत होता.

पंधरा मिनिटांत सगळं निवळलं. बंबाच्या प्रमुख कॅप्टन मोरालेस यांनी मुलांची हकीकत ऐकत काळ्या ठिक्कर चिंध्या चिमट्याने उलटून पाहिल्या. “हे तेल वाळताना आपोआप तापतं,” त्या म्हणाल्या. “चिंध्या पसरून वाळवल्या तर काही होत नाही. पण अशा दाबून कोंबल्या की आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि काडी न लावता पेट घेते. तुमचा आवाज करणारा प्राणी हाच! अजून दहा मिनिटं गेली असती तर भिंत पेटली असती. हे आधी कुणाच्या लक्षात आलं?”

परीक्षितने आश्लेषाला पुढे ढकललं. “हिच्या. आणि आम्ही तिला हसत होतो.” मग हळूच म्हणाला, “सॉरी, आशू. यापुढे गॅस नाही, स्कंक नाही.”

आश्लेषाने त्याला कोपराने ढोसलं.

काकांनी तीन खोके उन्हात आणून उघडले. एका झाकणाला भोक पडलं होतं आणि वरच्या कॉमिकची कड करपली होती. बाकी सगळं जसंच्या तसं होतं. टॅनर आजींनी एकेक चित्र डोळ्यांजवळ नेऊन पाहिलं आणि जपून परत ठेवलं.

रविवारी लायब्ररी तुडुंब भरली. सुरुवातीला अवधूतकाका स्वतःहून पुढे आले. त्यांच्या तळपायांना फोड आले होते, म्हणून ते लंगडत होते.

“हे टेबल मी केलं,” ते म्हणाले, “आणि आग लागायची सोयही मीच केली. माझी पुतणी घाबरून सांगत आली. मी मॅच बघत होतो. तिने मला फसवून उठवलं नसतं, तर आज इथे ठेवायला काही नसतं. आणि आजीसुद्धा...” आईने पदराने डोळे टिपले. कॅप्टन मोरालेस साध्या कपड्यांत मागे उभ्या होत्या. त्यांनी सगळ्यात आधी टाळी वाजवली आणि मग सगळं सभागृह उभं राहिलं.

टॅनर आजींनी आश्लेषाला शेजारच्या खुर्चीवर बसवलं. आज त्यांच्या कानांत यंत्रं होती. “माझ्या खोलीत आलीस तेव्हा तुला भीती नाही वाटली?”

“खूप वाटली,” आश्लेषा म्हणाली. “अजून वाटतेय.”

“मलाही,” आजी म्हणाल्या. “तू होतीस म्हणून मी चालले.”

तेवढ्यात लायब्ररीच्या बाईंनी पाटीवरचं कापड बाजूला केलं आणि माइकवर नाव वाचलं, “चित्रं आणि कथा, एडिथ टॅनर!”

सत्तर वर्षांत ते नाव पहिल्यांदाच मोठ्याने वाचलं जात होतं. आजींनी आश्लेषाचा हात घट्ट धरला.