गवत धरायची पिशवी

बागेतल्या हिरवळीवर बायकांचं भजन रंगात आलं होतं. सिंधूचे टाळ कसे अगदी लयीत पडत होते... तेवढ्यात मागून 'खडाड् खड्, खडाड् खड्' असा आवाज आला. तिचा हात चुकला, आणि तिच्यामागोमाग सगळ्यांचाच ताल गेला.

"अहो, कोण ते! देवाचं नाव घेतोय ना इथे!" सुमनबाई ओरडल्या.

गवत कापायचं मशीन ढकलत आलेला तरुण जागच्या जागी थांबला. मशीनच्या मागे पत्र्याची पेटी बसवलेली होती. पात्यांतून उडणारं गवत तिच्यात जमा व्हायचं, आणि मशीन हललं की पेटी वाजायची.

"चुकलं," तो म्हणाला. "मी गोरक्ष. शालिमार चौकातल्या दुकानातून आलोय. ही पेटी पसंत पडते का, ते विचारायचं होतं. मल्हारी माळी म्हणाले, माझ्या मुलीला विचारा, ती शिवणकाम करते, तिला कळतं."

बायका सिंधूकडे बघून हसू लागल्या. सिंधूने मान वर केली. उन्हाने रापलेला चेहरा, केसांत अडकलेली गवताची काडी, आणि खरीखुरी ओशाळलेली नजर...

"नापसंत," ती म्हणाली.

"का बरं?"

"बेताल आहे."

"पेटी... का मी?"

"आधी पेटीचं बघू," सिंधू म्हणाली, आणि आपण हे काय बोलून गेलो म्हणून तिने पटकन टाळांची दोरी बोटाला गुंडाळली.

ते साल एक्याऐंशीचं. सातपूरच्या त्या कारखान्याच्या वसाहतीत फाल्गुनात सप्ताह बसायचा. रोज संध्याकाळी हिरवळीवर कीर्तन, आणि त्याच दिवसांत बदामाची पानगळ. कापलेलं गवत तसंच राहिलं की सतरंजीखाली कुजायचं, ऐकणाऱ्यांच्या अंगाला खाज सुटायची. म्हणून सिंधूचे वडील मल्हारी खराट्याने सगळं गोळा करायचे, वाकून पाटीत भरायचे, पाटी डोक्यावर घेऊन खड्ड्यात टाकायचे. वय झालं होतं. कारखान्याच्या साहेबांनीच म्हटलं होतं, मशीनला पेटी लावा नाहीतर पिशवी, मल्हारीला सोयीचं पडेल ते घ्या.

गोरक्ष पुन्हा आला तो ताडपत्रीची पिशवी घेऊन. आवाज नव्हता, पण नुकतंच पाणी मारलेलं गवत आत शिरलं आणि त्याचा लगदा झाला. पिशवी उचलताना दोघांचेही हात भरून आले.

"हिला वारा लागत नाही हो," सिंधू म्हणाली. "आतल्या आत घुसमटतंय सगळं."

"तसं माणसांचंही होतं कधी कधी," तो मशीनकडे बघत म्हणाला.

"तुम्ही फिटर आहात का कीर्तनकार?"

"फिटर. पण तुम्ही समोर असलात की... निरूपण सुचतं."

तिसऱ्या वेळी त्याने आपल्या गावाहून, देवळ्याहून, कांद्याचं बारदान आणलं. पिशवीचा तळ ताडपत्रीचा आणि बाजू विरळ विणीच्या बारदानाच्या. "कांदा हिच्यात श्वास घेतो," तो म्हणाला, "गवतालाही घेऊ दे." मशीन फिरलं. गवत आत, चुरलेली पानं आत, धूळ तेवढी बाहेर. पिशवी हलकी, बिनआवाजी.

"चांगली शे ना?" तो उत्साहाने म्हणाला, आणि जीभ चावून, "...आहे ना?"

सिंधूला हसू आलं. चांगली होती. अगदी हवी तशीच होती. पण 'पसंत' म्हटलं की हा माणूस सायकलवर टांग टाकून निघून जाईल, आणि पुन्हा इथे यायला त्याला कारणच उरणार नाही...

"शिवण कच्ची वाटते," ती म्हणाली.

"कच्ची?" त्याने बघितलं. पक्की होती. "हो की! नेतो. परवा आणतो."

मग तोंड अरुंद निघालं. मग पिशवी अडकवायच्या कड्या ढिल्या निघाल्या. "अगं सिंधू, पिशवी घेतेस का स्थळ बघतेस?" सुमनबाई चिडवायच्या. पिशवी सायकलवरून जात येत राहिली, आणि सप्ताह सुरू झाला.

एका संध्याकाळी बुवांनी निरूपण थांबवलं, वीणा छातीशी धरली आणि अगदी हळू म्हणाले, "आपलं सुख कुणाच्या पाठीवर उभं आहे, एवढं घरी जाताना बघा, बाबांनो."

सिंधूने मान वळवली. पुरुषांच्या बाजूला तिचे आबा एक हात कमरेवर दाबून, दुसरा जमिनीला टेकून बसले होते. सकाळी त्यांनी सबंध हिरवळ वाकून झाडली होती. पुढचं कीर्तन तिच्या कानांवरून नुसतं वाहत गेलं.

सकाळी गोरक्ष आला, तेव्हा ती फाटकातच उभी होती.

"पिशवी पसंत आहे. आजच ठेवून जा."

"पण कड्या..."

"चांगल्या आहेत. शिवणही पहिल्यापासून चांगली होती." आबांना उसण भरलीय. आपण दोघं बोलत राहिलो, आणि ते पानं उचलत राहिले."

त्याने पिशवीची कडी बोटाने चाचपली.

"कड्या मीच ढिल्या केल्या होत्या," तो म्हणाला. "मुद्दाम. तुम्ही नावं ठेवावीत म्हणून."

ती हसली नाही. तोही हसला नाही. त्याने पिशवी अडकवली आणि मशीन ढकलत सगळी हिरवळ स्वतः स्वच्छ केली. मग घाम पुसून, बाकावर आडव्या झालेल्या मल्हारींसमोर जाऊन उभा राहिला आणि सगळं सांगितलं... कड्यांचं आणि आपल्या मनातलं.

"म्हंजी पोरीनं 'पसंत' म्हणू नाय, म्हणून माझी कंबर वाकवली व्हय रे?"

"हो, आबा."

"लय खरं बोलतो." मल्हारी त्याच्याकडे निरखून बघत राहिले. "कीर्तनाला बसतो का?"

"बसतो. पण मधेच झोप लागते."

मल्हारी हसले, आणि हसताच कमरेत कळ येऊन "आई गं!" म्हणाले. "ये सांजच्याला."

कीर्तन उभं राहण्याआधी ओळीने बसलेल्या सगळ्यांच्या कपाळी बुक्का लावायची सेवा वर्षानुवर्षं मल्हारींच्या घराची होती. बाहेरच्या माणसाच्या हातात बुक्क्याची डबी कधी गेली नव्हती. त्या संध्याकाळी मल्हारींना वाकवेना. त्यांनी सभोवार पाहिलं, मागच्या रांगेत बसलेल्या गोरक्षला बोट करून बोलावलं, आणि सगळ्यांच्या देखत डबी त्याच्या हातात दिली.

"लाव. सावकाश. कुणाला विसरू नको."

तो पहिल्या माणसासमोर गुडघ्यावर बसला. पुरुषांच्या बाजूने कुजबूज उठली, बायकांच्या बाजूने जास्तच. सुमनबाई सिंधूच्या कानाला लागल्या.

"अगं, हा तर तो पिशवीवाला! तुमच्या घरची सेवा करतोय? कोण लागतो गं हा तुमचा?"

सिंधूने पदर सावरला. तिकडे गोरक्ष एकेका कपाळापुढे वाकत होता, कुणालाही न विसरता.

"अजून कुणी नाही..." ती म्हणाली. "पण लागेल."